भ्रमणध्वनीच्या सोयी आणि आपले अ‍ॅप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाची संहिता)



मंडळाच्या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले, इतिहास झाला. आजचा विषय त्या पंक्तीत बसणारा नाही, याची मला जाणीव आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांसाठी एक मोबाइल अ‍ॅप तयार करावयाचे कार्यकारिणीने ठरविले आहे. फोन लावणे, संदेश पाठविणे, नकाशा दाखविणे, छायाचित्र घेणे या फोनच्या नेहमीच्या सोयी अशा अ‍ॅपमध्ये प्रोग्रॅम लिहून कशा जोडतात, हे सर्वांना उमजेल अशा भाषेत सांगावे, अशी आज्ञा झाली आणि मी ती शिरोधार्य मानली.

मी बी. ए. झालेला माणूस. संगणकशास्त्राची पदवी मजपाशी नाही. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत गेल्या काही वर्षांत फिरतीवरील कर्मचाऱ्यांसाठी अ‍ॅप तयार होत असताना, विभागाच्या वतीने प्रोग्रॅमर मंडळींसमवेत पुष्कळ बैठकांना बसावे लागले. त्या बैठकांत एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. अशा कामातले अवघड प्रश्न यंत्राचे फार थोडे असतात, अधिकाराचे अधिक असतात. कोणी, कोणाच्या वतीने, कोणाला विचारून, काय करावयाचे? सरकारी नोकरीत ज्याचे केस पिकले, त्याला हा प्रश्न नवा नाही.

प्रथम आपली गरज पाहू. आपली सभासद-सूची आजपावेतो छापील पुस्तिकेच्या रूपाने निघत आली. बदली होऊन या गावी आलेले कुटुंब सामानाची खोकी सोडण्यापूर्वी ती पुस्तिका मागते. डॉक्टर कोण, शाळा कोणती, गणपतीची मूर्ती कोठे मिळेल, सत्यनारायण सांगायला गुरुजी कोण, या सर्वांची उत्तरे त्या नावांपाशी असतात. पण पुस्तिकेत नंबर पाहून एकेक आकडा दाबावा लागतो. दृष्टी अधू झालेल्या, मुले पुण्याला किंवा परदेशी असलेल्या आणि घरात एकट्या राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना रात्री दोन वाजता ते कितपत जमेल, याचा विचार आपण करावयास हवा. नावावर बोट ठेवावे आणि फोन लागावा, एवढे साधे मागणे या अ‍ॅपमागे आहे.

आता असे वाटेल की अ‍ॅप फोनमध्येच असते, तेव्हा फोनच्या सर्व शक्ती त्याच्या हाती असणारच. वस्तुस्थिती तशी नाही. फोनमध्ये येणारे प्रत्येक अ‍ॅप हे वाड्यात खोली भाड्याने घेतलेल्या बिऱ्हाडासारखे असते. त्याची खोली त्याची, पण शेजाऱ्याच्या खोलीत त्याला डोकावता येत नाही आणि वाड्याच्या किल्ल्या त्याच्याकडे नसतात. किल्ल्या असतात त्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, म्हणजे मूळ यंत्रणेकडे. आपल्याकडील बहुतेक फोनांत ही यंत्रणा अँड्रॉइड असते, काहींत आयफोनची आयओएस.

मग अ‍ॅपला फोन लावावयाचा असेल तर त्याने काय करावे? मार्ग दोन आहेत. एक मागणीचा आणि दुसरा परवान्याचा. मागणीच्या मार्गात अ‍ॅप यंत्रणेला सांगते की, ‘हे काम आहे, ते ज्याचे आहे त्याच्याकडून करवून घ्या.’ परवान्याच्या मार्गात ते म्हणते, ‘मला अधिकार द्या, मी स्वतःच करतो.’ माझे आजचे सारे प्रतिपादन एका वाक्यात सांगता येईल: आपल्यासारख्या मंडळाच्या अ‍ॅपने शक्य तेथवर पहिला मार्ग धरावा, आणि शेवटचे बटण सदैव माणसाच्या बोटाखाली ठेवावे. हे केवळ शिष्टाचार म्हणून मी सांगत नाही. हा मार्ग अधिक सोपा आणि अधिक भरवशाचाही आहे.

अँड्रॉइडमध्ये या मागणीला ‘इंटेंट’ म्हणतात. इंटेंट म्हणजे इरादा. आपल्या कचेरीतील मागणीपत्रासारखाच हा कागद असतो. त्यावर दोन गोष्टी लिहाव्या लागतात: कोणती क्रिया करावयाची आणि कशावर करावयाची. ‘नंबर जुळवून द्या’ ही क्रिया, आणि ‘अमुक नंबर’ हा तपशील. कोटलिन भाषेत, जिला २०१७ साली अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता मिळाली, हे काम दोन-तीन ओळींत होते. पहिल्या ओळीत ‘अ‍ॅक्शन डायल’ या क्रियेचा इंटेंट तयार करावयाचा. दुसरीत त्याला ‘टेल’ हा शब्द, विसर्गासारखे दोन टिंब आणि त्यापुढे नंबर, असा तपशील जोडावयाचा. तिसरीत ‘स्टार्ट अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणून तो कागद यंत्रणेच्या हवाली करावयाचा. यंत्रणा तो वाचते, फोन लावण्याचे काम कोणाचे ते पाहते आणि आकड्यांचा ओळखीचा पडदा नंबरासहित उघडून देते. हिरवे बटण वापरणाऱ्याने दाबावयाचे. यासाठी कोणताही परवाना लागत नाही.

याच्या शेजारीच ‘अ‍ॅक्शन कॉल’ ही दुसरी क्रिया आहे. ती वापरली की पडदा मध्ये न येता फोन थेट लागतो. त्यासाठी मात्र फोन करण्याचा परवाना वापरणाऱ्याकडून घ्यावा लागतो. एक बोट वाचते, म्हणून हीच बरी, असे आपल्या बैठकीत काही तरुण मित्रांचे म्हणणे पडले. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण एक गोष्ट पाहावी. थेट लावणाऱ्या त्या क्रियेने आपत्कालीन नंबर लावता येत नाहीत, असे अँड्रॉइडच्या नियमांतच आहे. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णसेवा यांसाठी आपल्या देशात ११२ हा एकच नंबर आहे. तो अ‍ॅपमधून लावावयाचा तर ‘डायल’चाच मार्ग धरावा लागतो. ज्या रात्रीसाठी आपण ही सोय करीत आहोत, त्या रात्री अधिकार मागणारे अ‍ॅप हात टेकील आणि साधी मागणी करणारे कामास येईल. आयफोनमध्ये हा वादच नाही. तेथे अ‍ॅपने ‘टेल’ची मागणी केली की यंत्रणाच ‘फोन लावू का?’ असे वापरणाऱ्यास विचारते.

नंबर कसा लिहावा, हाही मुद्दा क्षुल्लक नाही. ‘टेल’ या पत्त्याचे सध्याचे मानक २००४ सालचे आहे. त्यात जगातून कोठूनही चालेल असा नंबर अधिकाच्या चिन्हाने सुरू होतो. आपल्या पुस्तिकेत कोठे नुसते दहा आकडे आहेत, तर कोठे आधी शून्य. सभासदाचा मुलगा परदेशातून आईच्या शेजाऱ्यांना फोन लावू पाहील, तेव्हा हा नंबर तसाच लागणार नाही. म्हणून प्रत्येक नंबर अधिक ९१ लावूनच नोंदविला पाहिजे. दुसरे असे की, आपली सूची देवनागरी आकड्यांत आहे, आणि हे मानक केवळ इंग्रजी आकडे ओळखते. पडद्यावर देवनागरी आकडे खुशाल दाखवावेत, ते आपले वैभव आहे. मात्र मागणीपत्रावर लिहिताना प्रोग्रॅमने त्यांचे इंग्रजी आकडे करून घ्यावेत. हे रूपांतर चार ओळींचे काम आहे, पण ते विसरले तर सुंदर दिसणारे बटण मुके राहील.

फोनाखालोखाल संदेश. येथेही क्रिया ‘सेंड टू’ आणि तपशिलात ‘एसएमएस टू’ व नंबर लिहिला, की संदेशाचा पडदा मजकुरासह उघडतो आणि पाठविण्याचे बटण माणूस दाबतो. परवाना घेऊन अ‍ॅपने परस्पर संदेश पाठविण्याची वाट अँड्रॉइडमध्ये आहे, पण तिचा दुरुपयोग इतका झाला की २०१८ साली गूगलने आपल्या अ‍ॅप-भांडारासाठी नियम कडक केले. संदेश आणि कॉलच्या नोंदी यांचे परवाने मागण्याची मुभा आता मुख्यतः फोन वा संदेश हेच ज्यांचे काम आहे, अशा अ‍ॅपना उरली आहे. आयफोनमध्ये तर सामान्य अ‍ॅपला माणसाने बटण दाबल्यावाचून संदेश पाठविताच येत नाही.

मराठी माणसाने संदेशाबाबत आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. इंग्रजी संदेश १६० चिन्हांपर्यंत एकात मावतो. देवनागरीत लिहिला की मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब झाला तर त्याचे ६७-६७ चिन्हांचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकडा निराळा संदेश म्हणून मोजला जातो. शिवाय यंत्राची मोजणी आपल्या मोजणीहून वेगळी. ‘नमस्कार’ या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो. यंत्र हलन्त आणि काना सुटे धरून सात मोजते. जोडाक्षरांनी नटलेले आपले निमंत्रण म्हणूनच झपाट्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या संदेशात जाते. यावर उपाय रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा नव्हे! तिथी, वेळ आणि स्थळ एवढेच संदेशात द्यावे, अलंकार पत्रिकेसाठी ठेवावेत.

ई-मेलची रीत अशीच आहे. ‘मेल टू’ आणि पत्ता लिहिला की पत्राचा पडदा उघडतो. विषय आणि मजकूरही आधी भरून देता येतो. मात्र तो मजकूर पत्त्याच्याच ओळीत देवनागरीत घालावयाचा असेल, तर त्याचे सांकेतिक रूप करावे लागते. एकेका देवनागरी चिन्हाचे तेथे नऊ खुणांत रूपांतर होते, आणि सात चिन्हांचा ‘नमस्कार’ ६३ खुणांचा होऊन बसतो. हे काम प्रोग्रॅम आपोआप करतो. ते करावयास सांगितले आहे ना, एवढे तपासावे.

नकाशाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. ‘मंडळाचे सभागृह कोठे आहे?’ हा एक प्रश्न, आणि ‘मी कोठे आहे?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मंडळापाशी आहे. त्यासाठी ‘जिओ’ हा शब्द, पुढे अक्षांश, स्वल्पविराम आणि रेखांश लिहून मागणी केली की अँड्रॉइडमध्ये नकाशाचे अ‍ॅप ते स्थळ दाखविते. आयफोनसाठी सहसा नकाशा-सेवेचा दुवा देतात. आपण स्वतः कोठे आहात, हे मंडळाच्या अ‍ॅपला कळण्याचे यात कारणच पडत नाही. ते नकाशाचे अ‍ॅप पाहून घेईल. तरीही साध्या पत्त्यासाठी अनेक अ‍ॅपे वापरणाऱ्याचे ठिकाण विचारीत बसतात. असे अ‍ॅप दिसले की सावध व्हावे.

अक्षांश आधी आणि रेखांश नंतर, हा क्रम मात्र चुकता कामा नये. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया साधारण १८.९२ उत्तर अक्षांश आणि ७२.८३ पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे उलटे लिहिले गेले तर पाहुणे अपोलो बंदराऐवजी नॉर्वेच्या उत्तरेस ऐन समुद्रात पोहोचतील.

छायाचित्राची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. गणेशोत्सवातील चित्र सभासदाने अ‍ॅपमधून काढून मंडळाला पाठवावे, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी अ‍ॅपला कॅमेऱ्याचा परवाना लागेल, असे सर्वांना वाटते. तो लागत नाही. ‘चित्र टिपून द्या’ अशी मागणी करावी. फोनचे स्वतःचे कॅमेरा-अ‍ॅप उघडते, माणूस चित्र काढतो आणि ते चित्र आपल्याला मिळते. गंमत पुढेच आहे. ‘मला कॅमेऱ्याचा परवाना लागतो’ असे अ‍ॅपने आपल्या माहितीपत्रकात लिहून ठेवले आणि तो परवाना वापरणाऱ्याने दिलेला नसला, तर अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून ही साधी मागणीदेखील फेटाळली जाते. नको असलेला अधिकार मागितला की हक्काची सोयही जाते. कचेरीत काम केलेल्यांना याचे नवल वाटू नये! आधीच काढलेले चित्र निवडावयाचे असेल तर दोन्ही यंत्रणांत आता चित्र-निवडीचा पडदा मिळतो. त्यातून निवडलेले तेवढेच चित्र अ‍ॅपच्या हाती पडते. बाकीचा अल्बम त्याला दिसत नाही.

इतर सोयी थोडक्यात सांगतो. सूचीतील नाव आपल्या फोनच्या नोंदवहीत उतरविणे, कोजागरीचा कार्यक्रम दिनदर्शिकेत टाकणे, निमंत्रण दुसऱ्या अ‍ॅपमधून नातेवाइकांना पाठविणे, ही तिन्ही कामे अँड्रॉइडमध्ये मागणीने होतात. नोंदवहीचा पडदा भरून समोर येतो आणि जतन करण्याचे बटण आपण दाबतो. संपूर्ण नोंदवही वाचण्याचा परवाना आपल्या अ‍ॅपला कशासाठीही लागत नाही, आणि तो त्याने मागू नये. आपल्या नोंदवहीत केवळ आपले नंबर नसतात. त्यात दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेले नंबर असतात. ते मंडळाला देण्याचा अधिकार आपल्याला तरी कोठे आहे?

परवाना लागतच नाही असे माझे म्हणणे नाही. कार्यक्रमाची सूचना पडद्यावर यावी असे वाटले, तर अँड्रॉइडच्या २०२२ सालच्या तेराव्या आवृत्तीपासून त्यासाठी अनुमती घ्यावी लागते. आयफोनमध्ये ती पूर्वीपासूनच घ्यावी लागत असे. मागावयाचा तर परवाना कसा मागावा, याचे संकेत आता रूढ झाले आहेत. २०१५ पूर्वी अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप घेतानाच सर्व परवान्यांची जंत्री पुढे येई, आणि ती सगळी मान्य करा अथवा अ‍ॅप घेऊ नका, असा प्रकार होता. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, ठिकाण, नोंदवही अशा नाजूक बाबींचा परवाना ज्या त्या वेळी मागावा लागतो. २०२० पासून ठिकाण, कॅमेरा आणि मायक्रोफोन यांचा परवाना एका वेळेपुरताही देता येतो. आयफोनमध्ये २०१६ पासून अशा प्रत्येक मागणीचे कारण अ‍ॅपने वाक्यरूपाने लिहून ठेवणे अनिवार्य आहे. ते न लिहिता मागणी केली तर यंत्रणा अ‍ॅपच बंद पाडते.

ते कारणाचे वाक्य मराठीत लिहिले पाहिजे, आणि ते खरे असले पाहिजे. ‘उत्तम अनुभवासाठी’ हे कारण नव्हे. ‘आरतीची वेळ बदलल्यास कळविण्यासाठी’ हे कारण होय. आणि सभासदाने ‘नाही’ म्हटले तर अ‍ॅपने रुसून बसू नये. उरलेली सर्व कामे त्याने पूर्ववत करावीत.

आणखी एक व्यावहारिक सूचना. सगळ्याच यंत्रांत सगळ्या सोयी असतात असे नाही. काही ज्येष्ठ मंडळी मोठ्या पडद्याची टॅब्लेट वापरतात, आणि तिच्यात पुष्कळदा सिमकार्ड नसते. तेथे फोनची मागणी घेणारे कोणीच नसेल, तर ती परत येते. प्रोग्रॅममध्ये त्याची तरतूद नसल्यास अ‍ॅप एकाएकी मिटून जाते, आणि आजोबांना वाटते की आपल्याच हातून काही बिघडले. म्हणून मागणी परत आली तर नंबर मोठ्या अक्षरांत दाखवावा आणि तो उतरून घेण्याची सोय द्यावी. तपासणी करताना महागडा नवा फोन एकच न घेता जुना फोन, सिम नसलेली टॅब्लेट आणि मोठ्या अक्षरांवर ठेवलेला पडदा, असे तिन्ही प्रकार तपासावेत.

आता अखेरचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. छापील सूची दोन-तीनशे घरांत जात असे आणि तेथेच राहत असे. अ‍ॅपमधील सूचीला तशा भिंती नसतात. आपल्या सूचीत एकट्या राहणाऱ्या भगिनी आहेत, वृद्ध दांपत्ये आहेत, संरक्षण दलांतील कुटुंबे आहेत. फोनवरून फसवणूक करणाऱ्यांना नाव, वय आणि नंबर यांची अशी यादी म्हणजे पर्वणीच. यास्तव ज्यांनी आपण होऊन संमती दिली त्यांचाच नंबर सूचीत यावा, ती संमती केव्हाही मागे घेता यावी, आणि सूची पाहण्यापूर्वी सभासदाची ओळख पटविली जावी. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा रोखही हाच आहे. त्या अधिनियमात अशीही तरतूद आहे की, संमतीचे निवेदन इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा. त्या अनुसूचीत मराठी आहे. घरापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या माणसाला ‘माझी माहिती कशासाठी हवी?’ हे आपल्या भाषेत विचारता यावे आणि आपल्याच भाषेत उत्तर मिळावे, हा आता सौजन्याचा भाग राहिलेला नाही.

सारांश, कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना ठेवतो. जे काम मागणीने होते त्यासाठी परवाना मागू नये. जो परवाना मागावा लागेल त्याचे कारण स्पष्ट मराठीत सांगावे. आणि फोन लावणे, संदेश पाठविणे, चित्र देणे यांतील शेवटचे बटण सभासदाच्याच हाती राहावे. या तीन सूचनांमुळे प्रोग्रॅमच्या ओळी वाढणार नाहीत, उलट कमी होतील.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांनी कोणाच्याही घरात न विचारता पाऊल टाकले नाही. दारावर थाप मारली, ‘आम्ही मराठी मंडळाकडून आलो आहोत’ असे सांगितले आणि आतून ‘या’ म्हटल्यावरच ते आत गेले. त्यांच्या मंडळाचे अ‍ॅप त्याच रीतीने वागले म्हणजे झाले.